देवमासा आणि मका : लामालेरा गावाचा इतिहास

इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतात, फ्लोरेस बेटाच्या पूर्वेला विखुरलेल्या सोलोर द्वीपसमूहात लेंबाटा नावाचे बेट आहे. जुन्या नकाशांवर त्याचे नाव लोम्ब्लेन असे आढळते. या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाबालेकांग डोंगराच्या पायथ्याच्या खडकाळ चढणीवर लामालेरा हे सुमारे दोन हजार वस्तीचे गाव वसले आहे. नावेच्या टोकावरून हातातल्या भाल्यासकट देवमाशाच्या पाठीवर उडी घेणारा शिकारी, हे या गावाचे चित्र गेल्या काही दशकांतील माहितीपटांनी, छायाचित्रांनी आणि प्रवासवर्णनांनी इतके पक्के करून टाकले आहे की त्या चित्राबाहेरचे लामालेरा क्वचितच कोणाच्या नजरेस पडते. वस्तुतः या गावाच्या चुली पेटत्या राहिल्या त्या डोंगरावरून डोक्यावर वाहून आणलेल्या मक्यावर, आणि देवमाशाचे मांस हे तो मका मिळवण्याचे साधन होते. त्यामुळे लामालेराचा इतिहास केवळ धाडसाचा इतिहास म्हणून वाचला तर त्यातील निम्मी माणसे, म्हणजे ओझी वाहणाऱ्या बायका आणि डोंगरातले शेतकरी, त्यातून वगळली जातात; आणि गावापुढे आज जो पेच उभा आहे तोही नीट समजत नाही.

गावाच्या मागची जमीन ज्वालामुखीजन्य, दगडधोंड्यांनी भरलेली आणि उताराची आहे. पावसाळा तोकडा आणि कोरडा हंगाम लांबलचक. याउलट किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सावू समुद्र एकदम खोल होतो, आणि प्रशांत व हिंदी महासागरांमधील पाण्याची देवघेव या बेटांमधल्या सामुद्रधुन्यांतून होत असल्याने खोल पाण्यात वावरणारे मोठे जलचर येथे किनाऱ्याच्या दृष्टिपथात येतात. त्यांपैकी स्पर्म व्हेल हा दात असलेला प्रचंड देवमासा, ज्याला गावकरी कोतेक्लेमा म्हणतात, ही येथील मुख्य शिकार. त्याखेरीज मांटा जातीची मोठी वाघळी, शार्क आणि डॉल्फिन हेही मारले जातात. दाताऐवजी गाळणीसारख्या पट्ट्या असलेल्या निळ्या देवमाशाला मात्र येथे हात लावला जात नाही, कारण त्याने संकटसमयी पूर्वजांना तारले अशी श्रद्धा आहे.

जमीन नापीक होती हे अर्धेच कारण झाले. दुसरे कारण असे की, जी होती ती जमीन मुळात या लोकांची नव्हती. गावातील प्रमुख कुळांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज सुलावेसीतील लुवू प्रदेशातून निघाले, सेरामच्या बाजूने फिरत लेंबाटाच्या पूर्वेकडील लापान बातान या छोट्या बेटावर राहिले, आणि समुद्राच्या उधाणाने ते बेट उद्ध्वस्त झाल्यावर आश्रय शोधत येथे पोहोचले. या कथेतील भूगोल इतिहासकाराला पडताळून पाहता येत नसला तरी तिचा सामाजिक आशय स्पष्ट आहे. आधीपासून येथे असलेली कुळे भूमीचे धनी, स्थानिक व्यवहारात तुआन तानाह, मानली गेली. मागून आलेल्यांना किनारा आणि समुद्र मिळाला, आणि त्या बदल्यात प्रत्येक देवमाशातील ठरावीक भाग भूमीच्या धन्यांना देण्याचे बंधन आले. नवागतांपैकी तीन श्रेष्ठ कुळांना मिळून लिका तेलो, म्हणजे चुलीचे तीन दगड, असे नाव आहे. भूमीच्या हक्काची कबुली आणि समुद्रातील पकडीची वाटणी या दोन गोष्टी अशा प्रकारे आरंभापासूनच एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

सोलोर द्वीपसमूह लिखित इतिहासात येतो तो तिमोरच्या चंदनामुळे. चंदनाच्या व्यापारासाठी सोयीचे बंदर म्हणून पोर्तुगीज येथे आले, डॉमिनिकन धर्मगुरूंनी १५६६ साली सोलोर बेटावर किल्ला उभारला, आणि हा सारा मुलूख, निदान कागदोपत्री, गोव्यातून चालणाऱ्या पोर्तुगीज राज्यकारभाराचा एक दूरचा कोपरा ठरला. १६१३ मध्ये डचांनी तो किल्ला जिंकला, तरी पोर्तुगीजांचा आणि त्यांच्या मिश्र वंशजांचा प्रभाव जवळच्या लारांतुका या ठिकाणी दीर्घकाळ टिकून राहिला. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका पोर्तुगीज लेखात या भागातील लोक भाल्यांनी देवमासे मारतात आणि त्यांचे तेल काढतात असा उल्लेख सापडतो. याचा अर्थ असा की, अमेरिकी आणि इंग्रज देवमासेमारीची जहाजे तिमोरच्या आसपासच्या पाण्यात येण्याच्या कितीतरी आधीपासून हा व्यवसाय येथे चालू होता. एकोणिसाव्या शतकात त्या परकी जहाजांनी दिव्यांच्या तेलासाठी जगभरच्या समुद्रांत स्पर्म व्हेलची जी कत्तल केली तिच्या तुलनेत लामालेराची शिकार नगण्य होती. दोन्हींना एकाच तागडीत तोलण्याची घाई करणाऱ्यांनी ही बाब लक्षात ठेवलेली बरी.

एका गैरसमजाची येथेच दखल घ्यायला हवी. मांसाच्या बदल्यात मका हा व्यवहार अनादी काळापासून चालत आल्याचे वर्णन अनेकदा केले जाते, पण मका हे अमेरिका खंडातले पीक असून ते या बेटांवर युरोपीय दर्यावर्दींच्या आगमनानंतरच आले. त्याआधी डोंगरातून येणारे धान्य वेगळे असले पाहिजे. लग्नात वराकडून वधूच्या कुळाला दिले जाणारे हस्तिदंत तर ज्या बेटांवर हत्तीच नाहीत तेथे व्यापारी मार्गांनीच पोहोचले, आणि गुजरातच्या पाटोळ्यांचे जे तुकडे घराण्याची ठेव म्हणून जपले गेले त्यांच्या नक्षीचे अनुकरण लामालेराच्या लुगड्यांत आजही दिसते. येथील विणकाम इकत पद्धतीचे, म्हणजे विणण्यापूर्वीच सुताला गाठी बांधून ते नक्षीबरहुकूम रंगवण्याचे असून त्यासाठी नीळ आणि बारतोंडीच्या मुळ्यांचा लाल रंग वापरला जातो. प्रतिष्ठित कुळांच्या वधूबरोबर पाठवले जाणारे लुगडे आणि वरपक्षाकडून येणारा हत्तीचा सुळा यांची देवघेव झाल्याशिवाय विवाह पुरा होत नसे. तात्पर्य, ज्याला दुर्गम म्हणून गणले जाते ते हे गाव हिंदी महासागराच्या व्यापारजाळ्यात शतकानुशतके एका टोकाला का होईना, पण बांधलेले होते.

रोजच्या जगण्याचा व्यवहार मात्र डोंगराशी होता. लामाहोलोत भाषक समाजात, ज्याचा लामालेरा हा एक भाग आहे, डोंगरातील लोक आणि किनाऱ्यावरील लोक हे भेद मूलभूत मानले जातात. जर्मन मानववंशशास्त्रज्ञ एर्न्स्ट फाटर यांनी १९३२ साली या भागावर लिहिलेल्या ग्रंथाला आता कीवान, म्हणजे डोंगरातली माणसे, असेच नाव दिले होते. देवमासा किनाऱ्यावर आणल्यावर त्याचे मांस आणि चरबी लांब पट्ट्यांत कापून बांबूच्या मांडवांवर उन्हात वाळवतात, खाली निथळणारे तेल भांड्यांत धरतात, आणि वाळलेल्या पट्ट्या घरातील स्त्रिया टोपल्यांत भरून डोक्यावरून वाहून नेतात. काही स्त्रिया पहाटेच्या अंधारात निघून डोंगरातल्या गावांत दारोदार फिरतात, तर काही किनाऱ्याने चालत वुलांडोनी येथील शनिवारच्या बाजाराला जातात. सुके मांस, खारवलेली मासळी, मीठ आणि प्रवाळ भाजून केलेला चुना किनाऱ्याकडून; मका, केळी, कंदमुळे, भाजीपाला, तांदूळ आणि विड्याची पाने-सुपारी डोंगराकडून, असा हा विनिमय आहे. चुन्यावाचून विडा रंगत नाही, आणि चुना डोंगरात मिळत नाही. एवढ्या एका वस्तूवरूनही दोन्ही बाजूंच्या परस्परावलंबनाची कल्पना येते.

या बाजाराची शिस्त विशेष आहे. दोन्हीकडच्या स्त्रिया माल मांडून समोरासमोर बसतात, बाजाराचा अधिकारी कर म्हणून प्रत्येकीकडून थोडा माल गोळा करतो, आणि त्याने शिट्टी वाजवल्यानंतरच देवघेवीला सुरुवात होते. त्याआधी व्यवहार करण्याची मुभा नसते. एका पट्टीला किती कणसे किंवा किती केळी हे प्रमाण रूढीने ठरलेले असून ते पैशाच्या भावाप्रमाणे रोज वरखाली होत नाही. पट्टी जाड की पातळ, कणीस भरलेले की पोकळ, यावर घासाघीस होते, पण ती प्रमाण न मोडता मालाच्या निवडीपुरती. पीक बुडालेल्या वर्षी डोंगरातल्या बाईला आणि देवमासा न मिळालेल्या वर्षी किनाऱ्यावरच्या बाईला ओळखीच्या घरातून उधारीही मिळे, आणि पुढल्या हंगामात ती फेडली जाई. शिकारीच्या गौरवगाथांत या स्त्रियांचा उल्लेख जेमतेम एखाद्या ओळीत उरकलेला असतो, ही अभ्यासकांच्या नजरेतली उणीवच म्हणावी लागेल, कारण त्यांच्या पायपिटीशिवाय समुद्रातून आणलेल्या मांसाला धान्याचे मोल आलेच नसते.

शिकारीची नाव, तेना, ही सुमारे दहा मीटर लांबीची असते. तिच्या फळ्या लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्यांनी जोडतात आणि आतल्या बाजूच्या वाकांना दोरखंडाने आवळून बांधतात, त्यामुळे देवमाशाच्या शेपटीचा तडाखा बसला तर नाव फुटण्याऐवजी थोडी लवचिकपणे दबते. शीड ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून विणलेल्या चौकटींचे असते. नावेच्या पुढे बांबूचा छोटा मंच निघालेला असतो. त्यावर लामाफा, म्हणजे भाला मारणारा, उभा राहतो आणि लांब बांबूच्या टोकाला बसवलेला भाला आपल्या देहाच्या वजनासकट माशात रुतवण्यासाठी उडी घेतो. भाल्याला जोडलेल्या मुख्य दोराला लेओ म्हणतात आणि तो नावेपेक्षाही पवित्र समजून कुळाच्या मूळ घरात ठेवला जातो. जखमी झालेला मासा नावेला ओढून नेतो, आणि १९९४ मध्ये तर काही नावा थेट तिमोरच्या दिशेने इतक्या दूर खेचल्या गेल्या की त्यांतील माणसे परत येतील ही आशा गावाने जवळपास सोडली होती.

तेना ही एकट्याची मालमत्ता नसते. कुळाच्या एखाद्या शाखेच्या नेतृत्वाखाली अनेक घरे मिळून ती बांधतात आणि राखतात, आणि हाती आलेल्या देवमाशाचे तुकडे पाडताना कोणता भाग कोणाचा हे आधीच ठरलेले असते. लामाफाचा वाटा, वल्ही मारणाऱ्यांचा वाटा, नावेतील हिस्सेदारांचा वाटा, नाव बांधणाऱ्या सुताराचा, भाला घडवणाऱ्या लोहाराचा आणि शीड विणणाऱ्याचा वाटा, भूमीच्या धन्यांचा मानाचा भाग, अशी ती विभागणी माशाच्या अंगावरच जणू आखलेली असते. यानंतर प्रत्येक घर आपल्या वाट्यातून नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना देते, आणि विधवा व पोरकी मुले उपाशी राहू नयेत हे तर शिकारीचे नैतिक प्रयोजनच मानले जाते. गावात भांडण धुमसत असेल तर देवमासे येत नाहीत, अशी समजूत असल्याने हंगामापूर्वी तंटे मिटवण्याची सभा किनाऱ्यावर भरवली जाते.

या व्यवस्थेची कसोटी एका अनपेक्षित मार्गाने लागली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ यांच्या एका गटाने जगातील पंधरा लहान समाजांत एकच प्रयोग केला. त्यात एका व्यक्तीला ठरावीक रक्कम देऊन तिने ती अनोळखी दुसऱ्या व्यक्तीबरोबर वाटायची असते, आणि दुसऱ्याने देऊ केलेला वाटा नाकारला तर दोघांनाही काहीच मिळत नाही. निव्वळ स्वार्थाचा हिशेब केला तर पहिल्याने अगदी थोडे देऊ करावे आणि दुसऱ्याने मिळेल ते घ्यावे; पण लामालेराच्या लोकांनी देऊ केलेला सरासरी वाटा निम्म्याहूनही अधिक, सुमारे ५८ टक्के, भरला आणि तो पंधराही समाजांत सर्वाधिक होता. हे औदार्य स्वभावजन्य मानण्यापेक्षा सवयीचे मानणे अधिक योग्य ठरेल. ज्या उद्योगात डझनभर माणसे एका नावेत बसल्याशिवाय आणि अनेक नावा एकत्र आल्याशिवाय काहीच हाती लागत नाही, तेथे वाट्याबद्दल संशय निर्माण होऊ देणे सर्वांनाच परवडणारे नसते.

१८५९ च्या कराराने पोर्तुगालने या बेटांवरील दावा नेदरलँड्सला विकला आणि त्यात कॅथलिक मिशनला मुभा राहील अशी तजवीज झाली. लारांतुकाहून आलेल्या जेझुइटांनी १८८६ मध्ये लामालेरात पहिले बाप्तिस्मे केले. पुढे दिव्य वचन संघाचे जर्मन धर्मगुरू बर्नहार्ड बोडे १९२० पासून येथे मुक्काम करून राहिले आणि पूर्वजांच्या कवट्यांची पूजा त्यांनी बंद पाडली. शिकार मात्र मिशनने थांबवली नाही, उलट तिला आपल्या दिनदर्शिकेत सामावून घेतले. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी किनाऱ्यावरच्या छोट्या प्रार्थनास्थळापाशी होणाऱ्या मिस्साने लेफा हा मुख्य हंगाम सुरू होतो, आणि तो साधारण ऑक्टोबरपर्यंत चालतो. त्याच्या आदल्या दिवसांत भूमीच्या धन्यांपैकी वुजो कुळाची माणसे डोंगरावरील देवमाशाच्या आकाराच्या शिळेपाशी जाऊन देवमाशांना बोलावण्याचा जुना विधीही करतात. दोन्ही विधी एकमेकांशी न भांडता शेजारी नांदतात; केव्हा केव्हा धर्मगुरूंनी दुसऱ्यावर नाराजी दाखवली तरी तो बंद पडला नाही.

मिशनचा अधिक खोल परिणाम झाला तो शाळेमुळे. ज्या गावात विकण्याजोगे शेतीचे उत्पन्न नव्हते तेथे शिक्षण हीच मुलांची जमीन ठरली, आणि लामालेराने शिक्षक, धर्मगुरू व सरकारी नोकर यांचा पुरवठा आपल्या आकाराच्या मानाने फार मोठ्या प्रमाणावर केला. ज्यांची भाषाविषयक पाठ्यपुस्तके इंडोनेशियातील अनेक पिढ्यांनी अभ्यासली ते गोरिस केराफ १९३६ साली येथेच जन्मले आणि त्यांनी आपल्या गावच्या बोलीच्या रूपविचारावर प्रबंध लिहिला. १९९९ ते २००१ या काळात देशाचे पर्यावरण राज्यमंत्रिपद सांभाळणारे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक सोनी केराफ हेही लामालेराचेच. देवमासे मारणाऱ्या गावाचा सुपुत्र पर्यावरण खात्याचा प्रमुख व्हावा यात काही वाचकांना विसंगती दिसेल. गावाच्या दृष्टीने ती नव्हती. शिक्षणाचा खर्च मात्र रोख पैशात भरावा लागे, आणि वाळलेल्या मांसाच्या पट्ट्या शाळेच्या फीसाठी चालत नसत.

बाहेरून आलेल्या सुधारणेचा सर्वांत बोलका प्रयोग १९७३ सालचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने येथील शिकार आधुनिक करण्यासाठी एक नॉर्वेजियन देवमासेमार पाठवला. हा प्रयोग सुमारे तीन वर्षांनी गुंडाळण्यात आला, आणि गावकऱ्यांनी आपल्या साधनसामग्रीला आणि रीतीला साजेशी पद्धत आधीच घडवलेली आहे, या निष्कर्षाप्रत तज्ज्ञ आले. प्रयोग फसण्याची कारणे शोधताना बाजाराकडे पाहावे लागते. मारलेल्या माशांची संख्या वाढवली तरी ते मांस घेणारे डोंगर तेवढेच होते, आणि यंत्राने मारलेल्या माशात शीड विणणाऱ्याचा आणि वल्हेकऱ्याचा वाटा कोणता, या प्रश्नाचे उत्तर नॉर्वेच्या अनुभवात नव्हते. मिशनच्या नोंदींनुसार १९६०च्या दशकाच्या अखेरीस एखाद्या वर्षी पन्नासाहून अधिक देवमासे मिळाले, तर १९८०च्या दशकात काही वर्षी ही संख्या दहाच्याही खाली गेली.

यंत्र आले ते नंतर, आणि गावकऱ्यांच्या स्वतःच्या पैशाने. नावेला मागून जोडण्याचे इंजिन बसवलेली छोटी होडी एका अमेरिकी इंजिनाच्या नावावरून जोन्सन या नावानेच ओळखली जाऊ लागली. सुरुवातीला तिचा उपयोग डॉल्फिन आणि वाघळी पकडण्यासाठी व जाळी टाकण्यासाठी झाला. देवमाशाच्या शिकारीत इंजिन वापरू नये असा वडीलधाऱ्यांचा आग्रह होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून जोन्सन तेनांना ओढून देवमाशांच्या जवळ नेऊ लागल्या, आणि पुढे त्या स्वतःच शिकारीत उतरल्या. याच सुमारास पसरलेल्या नायलॉनच्या वाहत्या जाळ्यांमुळे दोन-तीन माणसांनाही रात्रीतून मासळी मिळवता येऊ लागली. या दोन्ही साधनांचा खर्च आणि इंधन रोखीचे, मालकी घरापुरती, आणि वाटणीचे वर्तुळ तेनाच्या मानाने अरुंद. शिकारीचे स्वरूप बदलले म्हणून परंपरा बिघडली अशी तक्रार पर्यटक करतात; गावातल्या ज्येष्ठांची चिंता त्याहून नेमकी आहे, ती सुताराच्या, शीड विणणाऱ्याच्या आणि म्हाताऱ्या विधवेच्या वाट्याबद्दलची.

कायद्याच्या बाजूने पाहता गावाची स्थिती संदिग्ध आहे. इंडोनेशिया आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाचा सदस्य नसल्याने १९८६ पासून लागू झालेली व्यापारी शिकारबंदी त्याला थेट बांधत नाही, परंतु १९९९ च्या राष्ट्रीय नियमांनुसार देवमासे व डॉल्फिन हे संरक्षित प्राणी आहेत, आणि २०१४ मध्ये मांटा वाघळींनाही संपूर्ण संरक्षण मिळाले. लामालेराची शिकार निर्वाहापुरती आणि रूढीसिद्ध मानून तिच्याकडे काणाडोळा केला जातो. २००९ मध्ये सावू समुद्रात विस्तीर्ण राखीव क्षेत्र घोषित करण्याची तयारी चालू असताना गावकऱ्यांनी जाहीर विरोध केला आणि लेंबाटाच्या आसपासचे पाणी त्या सीमेबाहेर ठेवण्यात आले. संरक्षणाची बाजू मांडणाऱ्यांनी त्यांना पर्यटन आणि साधी मासेमारी हे पर्याय सुचवले आहेत, परंतु देवमासे दाखवण्याच्या फेरीतून मिळालेल्या पैशाने वुलांडोनीच्या बाजारात मका मिळेल, तरी त्या पैशात भूमीच्या धन्याचा भाग कोणता हे कोणी सांगितलेले नाही.

हा प्रश्न आता डोंगराच्या बाजूनेही बदलतो आहे. १९९९ मध्ये लेंबाटा स्वतंत्र जिल्हा झाला, लेवोलेबा हे जिल्ह्याचे मुख्यालय ठरले, आणि तेथून दक्षिण किनाऱ्याकडे येणारा रस्ता खडतर असला तरी त्यावरून मालमोटारी आणि दुचाक्या धावू लागल्या. डोंगरातल्या शेतकऱ्याला आता नगदी पिकांचे पैसे मिळतात, सवलतीचा सरकारी तांदूळ पोहोचतो, आणि बर्फातली मासळीही दारात येऊ शकते. त्यामुळे देवमाशाच्या वाळक्या पट्टीची त्याची गरज पूर्वीइतकी निकडीची राहिलेली नाही. किनाऱ्यावरचे तरुण कुपांग, जावा किंवा मलेशियाकडे कामाला जातात आणि त्यांनी पाठवलेल्या पैशातून घरांना पत्रे चढतात, जोन्सनची इंजिने येतात आणि धाकट्या भावंडांच्या फिया भरल्या जातात. असे असूनही वस्तुविनिमय बंद पडलेला नाही, कारण वाईट वर्षी रोकड प्रथम संपते आणि ओळखीच्या घरची उधारी नंतर. लामाफांची संख्या घटल्याने शिकार एखाद्या दिवशी थांबेल असे भाकीत अनेकांनी केले आहे, मात्र लामालेराच्या संदर्भात अधिक बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे किती मुली अजून टोपली डोक्यावर घेऊन डोंगराची वाट चढायला तयार आहेत, आणि डोंगरातल्या घरांत त्यांच्यासाठी किती कणसे बाजूला काढून ठेवली जातात.